पोल पॉटची खुर्ची कोणी सांभाळली?

व्हिएतनामच्या आन झांग प्रांतात, कंबोडियाच्या सीमेपासून जेमतेम सात किलोमीटरवर, बा चुक नावाचं गाव आहे. तिथल्या स्मारकात काचेआड माणसांच्या कवट्या रचून ठेवल्यात. वयाप्रमाणे कप्पे केलेत. लहान मुलांचा कप्पा वेगळा, म्हाताऱ्या बायकांचा वेगळा. १९७८ च्या एप्रिलमध्ये कंबोडियाचे ख्मेर रूज सैनिक सीमा ओलांडून या गावात शिरले आणि दोन आठवड्यांच्या आत त्यांनी ३,१५७ माणसं मारली. जीव वाचवायला लोक बौद्ध देवळांत शिरले होते, डोंगरातल्या गुहांमध्ये लपले होते. सैनिकांनी त्यांना तिथे गाठून मारलं.

मारणारे कम्युनिस्ट होते. ज्या देशाची माणसं मेली, तिथलं सरकारही कम्युनिस्टच होतं. तीनच वर्षांपूर्वी, १९७५ च्या एप्रिलमध्ये, या दोघांनी तेरा दिवसांच्या अंतराने आपापल्या देशातली अमेरिकेच्या टेकूवर उभी असलेली सरकारं पाडली होती. १७ तारखेला नॉम पेन्ह पडलं, ३० तारखेला सायगॉन.

बा चुकनंतर आठ महिन्यांनी व्हिएतनामचं सैन्य कंबोडियात घुसलं आणि दोन आठवड्यांत त्याने ख्मेर रूजचा नेता पोल पॉट याची राजवट उलथवली. या राजवटीत १५ ते २० लाख माणसं मेली होती. ती संपवणाऱ्याचे जगाने आभार मानले असतील, असं आपल्याला वाटेल. झालं उलटंच. व्हिएतनामवर आर्थिक निर्बंध आले, चीनने त्याच्यावर हल्ला केला, आणि न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या सभागृहातली कंबोडियाची खुर्ची पुढचं दशकभर पोल पॉटच्या प्रतिनिधीकडेच राहिली.

हे का घडलं ते समजून घ्यायचं, तर ‘अमेरिका विरुद्ध कम्युनिस्ट’ हे शाळेपासून डोक्यात बसलेलं समीकरण आधी बाजूला ठेवावं लागतं. त्या समीकरणाने १९६८ चा व्हिएतनाम थोडाफार कळतो. १९७८ चा मुळीच कळत नाही.

चहाची किटली आणि तीन माणसं

बा चुकजवळून विन्ह ते नावाचा एक कालवा जातो. व्हिएतनामच्या सम्राटाच्या हुकमावरून तो १८१९ ते १८२४ या काळात खणला गेला. खणणाऱ्यांत हजारो ख्मेर, म्हणजे कंबोडियन, मजूर होते. या कालव्याची एक कहाणी कंबोडियात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. व्हिएतनामी मुकादमाने तीन ख्मेर मजुरांना गळ्यापर्यंत जमिनीत पुरलं, त्यांच्या डोक्यांचे चुलीचे तीन धोंडे केले, वर किटली ठेवली आणि खाली जाळ घातला. चटक्याने ते मान हलवू लागले, तेव्हा तो म्हणाला, “धन्याचा चहा सांडू नका.”

घटना अशीच घडली का, हा मुद्दा बाजूला ठेवू. ‘धन्याचा चहा’ एवढे दोन शब्द उच्चारले, तरी कंबोडियन माणसाला शेजाऱ्याबद्दलची सगळी भीती आठवते, हे महत्त्वाचं. त्या भीतीला आधारही होता. मेकाँग नदीचा आजचा त्रिभुज प्रदेश एके काळी ख्मेर राजांचा होता. सायगॉनचं जुनं ख्मेर नाव प्रेय नोकोर. सतराव्या शतकापासून व्हिएतनामी शेतकरी आणि त्यांच्यामागून सैन्य दक्षिणेकडे सरकत गेलं आणि तो सगळा सुपीक मुलूख व्हिएतनामचा झाला. ख्मेर लोक आजही त्याला काम्पुचिया क्रोम, म्हणजे खालचं कंबोडिया, असं म्हणतात. १८३० च्या दशकात तर उरलेलं कंबोडियाही व्हिएतनामने जवळपास गिळलं होतं.

म्हणूनच १८६३ मध्ये राजा नोरोदोमने फ्रान्सचं संरक्षण पत्करलं. एका बाजूला सयाम, म्हणजे आजचं थायलंड, दुसऱ्या बाजूला व्हिएतनाम, आणि मधे हा छोटा देश. पुढे फ्रेंचांनी व्हिएतनाम, कंबोडिया आणि लाओस एकत्र करून ‘इंडोचायना’ नावाचा एकच कारभार सुरू केला आणि जुन्या जखमेवर नवी जखम केली. कंबोडियातल्या कचेऱ्यांत कारकून म्हणून त्यांनी व्हिएतनामी माणसं आणली, रबराच्या मळ्यांवर मजूरही व्हिएतनामी आणले. फ्रेंच साहेब क्वचित दिसायचा. कागद अडवणारा, कर मागणारा माणूस रोज दिसायचा, आणि तो बहुधा व्हिएतनामी असायचा.

सीमा आखल्या त्याही प्रशासनाच्या सोयीने, दोन जिल्ह्यांमध्ये आखतात तशा. सगळा मुलूख आपलाच, मग रेघ इथे काय नि तिथे काय! समुद्रातल्या बेटांसाठी १९३९ मध्ये गव्हर्नर जनरल ब्रेव्हिए यांनी नकाशावर एक रेषा ओढली. तीही पोलिसी आणि प्रशासकीय कामापुरती होती. साहेब गेला आणि ती रेघ दोन देशांमधलं भांडण होऊन बसली. परक्या अधिकाऱ्याच्या पेन्सिलीने काय होतं, हे भारतीय वाचकाला वेगळं सांगायला नको. १९४९ मध्ये फ्रान्सने दक्षिणेकडचा कोचिनचायना, म्हणजे तेच खालचं कंबोडिया, रीतसर व्हिएतनामच्या हवाली केलं. कंबोडियाने विरोध नोंदवला. कोणी तो मनावर घेतला नाही.

साहेब जाता जात नाही

२ सप्टेंबर १९४५ रोजी हनोईच्या बा दिन्ह चौकात व्हिएतनामी कम्युनिस्टांचे नेते हो चि मिन्ह यांनी स्वातंत्र्याची घोषणा केली. भाषणाची सुरुवातच त्यांनी अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातल्या वाक्याने केली. अमेरिका आपल्या बाजूने उभी राहील, अशी त्यांना तेव्हा आशा होती.

पुढे जे घडलं त्यात आपली माणसं होती, आणि हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही. शरण आलेल्या जपानी सैन्याची शस्त्रं काढून घ्यायला दक्षिण व्हिएतनाममध्ये ब्रिटिश सैन्य उतरलं. ते होतं जनरल ग्रेसी यांच्या हाताखालचं विसावं भारतीय डिव्हिजन. ग्रेसींनी फ्रेंच सैनिकांना तुरुंगांतून सोडवून शस्त्रं दिली आणि सायगॉन पुन्हा फ्रेंचांच्या हाती जाऊ दिलं. त्यावरून पेटलेल्या लढाईत त्यांनी भारतीय जवानांना व्हिएतनामी स्वातंत्र्यसैनिकांवर घातलं. एवढ्यावर भागेना, तेव्हा कालपर्यंत शत्रू असलेल्या जपानी सैनिकांनाही बंदुका देऊन उभं केलं. स्वतः गुलामीत असलेले जवान दुसऱ्याचं स्वातंत्र्य मोडायला वापरले गेले. नेहरूंनी त्याचा जाहीर निषेध केला होता.

डिसेंबर १९४६ पासून फ्रान्स आणि हो चि मिन्ह यांची व्हिएत मिन्ह ही संघटना यांच्यात उघड युद्ध सुरू झालं. चीनमध्ये माओ सत्तेवर आल्यावर व्हिएत मिन्हला उत्तरेकडून शस्त्रं मिळू लागली, आणि फ्रान्सच्या युद्धखर्चाचा मोठा भार अमेरिका उचलू लागली. एका वसाहतीची सुटका हा साधा प्रश्न शीतयुद्धाच्या पटावर गेला तो असा. ७ मे १९५४ रोजी दिएन बिएन फू इथे फ्रेंच सैन्य शरण आलं आणि फ्रान्सचा खेळ संपला.

त्याच वर्षीच्या जिनिव्हा कराराने व्हिएतनामचे सतराव्या अक्षांशावर तात्पुरते दोन भाग केले. उत्तरेला हो चि मिन्ह, दक्षिणेला आधी बाओ दाय आणि मग न्यो दिन्ह दिएम. जुलै १९५६ मध्ये निवडणुका घेऊन देश एक करायचा, असं ठरलं होतं. त्या झाल्याच नाहीत. दक्षिणेतल्या सरकारने नकार दिला आणि अमेरिका त्याच्या पाठीशी राहिली. करार पाळला जातोय का, हे बघण्यासाठी जो आंतरराष्ट्रीय आयोग नेमला होता त्याचं अध्यक्षपद भारताकडे होतं. सोबत कॅनडा आणि पोलंड. आपले अधिकारी वर्षानुवर्षं अहवाल लिहीत राहिले. अंमलबजावणीचा अधिकार कोणाकडेच नव्हता.

जिनिव्हातली आणखी एक गोष्ट या सगळ्या कथेची किल्ली आहे, असं मला वाटतं. व्हिएत मिन्हबरोबर कंबोडियातले कम्युनिस्टही फ्रेंचांशी लढले होते. करारात व्हिएतनामी कम्युनिस्टांना अर्धा देश मिळाला. लाओसच्या कम्युनिस्टांना दोन प्रांत मिळाले. कंबोडियाच्या कम्युनिस्टांच्या हाती काहीच आलं नाही. हजारभर जण हनोईला निघून गेले, बाकीचे मागे राहिले आणि राजा सिहानूकच्या पोलिसांच्या तावडीत सापडले. मागे राहिलेल्यांनी मनाशी धरलं, की व्हिएतनामी साथीदारांनी स्वतःचं बघितलं आणि आपल्याला वाऱ्यावर सोडलं. याच सुमारास पॅरिसहून शिकून एक तरुण परतला होता. रेडिओ इलेक्ट्रॉनिक्सच्या परीक्षा त्याला काही पास होता आल्या नव्हत्या. त्याचं नाव सलोथ सार. पुढे जगाने त्याला पोल पॉट म्हणून ओळखलं.

दोन हत्तींमधून चालणारा राजा

व्हिएतनाममधल्या अमेरिकन युद्धाबद्दल मराठीत पुष्कळ लिहिलं गेलंय, म्हणून इथे थोडक्यात सांगतो. १९६५ च्या मार्चमध्ये दा नांगच्या किनाऱ्यावर अमेरिकन मरीन उतरले. १९६९ पर्यंत तिथे ५ लाख ४३ हजार अमेरिकन सैनिक होते. चीनने उत्तरेत रस्ते, पूल आणि विमानविरोधी तोफांसाठी फौज पाठवली, सोव्हिएत संघाने क्षेपणास्त्रं आणि विमानं दिली. ५८ हजार अमेरिकन मेले. व्हिएतनाम सरकारच्या १९९५ च्या आकड्यांनुसार २० लाख नागरिक आणि ११ लाख लढवय्ये मेले.

आता शेजारी बघू. नोरोदोम सिहानूकला फ्रेंचांनी १९४१ मध्ये अठराव्या वर्षी गादीवर बसवलं होतं. पोरगा आपल्या मुठीत राहील, हा त्यांचा होरा होता. तो साफ चुकला. त्याने नोव्हेंबर १९५३ मध्ये फ्रेंचांकडून स्वातंत्र्य मिळवलं, पुढे वडिलांना गादी देऊन स्वतः राजकारणात उतरला आणि देशाला युद्धाबाहेर ठेवायची कसरत सुरू केली. १९६५ मध्ये अमेरिकेशी संबंध तोडले. उत्तर व्हिएतनामचं सैन्य सीमेलगतच्या जंगलात तळ ठोकत होतं, त्याकडे काणाडोळा केला. सिहानूकव्हिल बंदरातून त्यांची शस्त्रं जाऊ दिली. देशातल्या कम्युनिस्टांना मात्र तो निर्दयपणे चिरडत होता. त्यांना ‘ख्मेर रूज’, म्हणजे लाल ख्मेर, हे नाव त्यानेच दिलं.

सिहानूकला दोष देणं सोपं आहे. तो लहरी होता, टीका त्याला सहन होत नसे. पण दोन हत्ती झुंजत असताना मधल्या गवताने करायचं तरी काय? पाच-सात वर्षं का होईना, त्याने देश वाचवला, हे मी त्याच्या बाजूला नक्की टाकेन.

१८ मार्च १९६९ च्या सुमारास अमेरिकेने कंबोडियाच्या सीमाभागावर बी-५२ विमानांनी गुपचूप बॉम्ब टाकायला सुरुवात केली. राष्ट्राध्यक्ष निक्सन आणि त्यांचे सल्लागार किसिंजर यांनी ही गोष्ट स्वतःच्या संसदेपासूनही लपवली. मोहिमेच्या टप्प्यांना न्याहारी, दुपारचं जेवण, रात्रीचं जेवण अशी नावं होती. बॉम्ब दक्षिण व्हिएतनाममध्ये पडले, अशा खोट्या नोंदी केल्या जात.

बरोबर वर्षाने, १८ मार्च १९७० रोजी, सिहानूक परदेशात असताना त्याचाच सेनापती लोन नोल याने सत्ता बळकावली. ती बातमी सिहानूकला मॉस्कोत, विमानतळाच्या वाटेवर, सोव्हिएत पंतप्रधान कोसिजिन यांच्या तोंडून कळली. तिथून तो बीजिंगला गेला आणि चीनच्या आश्रयाने, ज्यांना कालपर्यंत चिरडलं त्याच ख्मेर रूजशी त्याने हातमिळवणी केली. रेडिओवरून त्याने प्रजेला लढायला उठण्याची हाक दिली. खेड्यातल्या शेतकऱ्याला मार्क्स माहीत नव्हता, पण राजाचा आवाज ओळखीचा होता. हजारो तरुण राजासाठी म्हणून जंगलात गेले आणि पोल पॉटच्या हाती लागले.

इकडे लोन नोलच्या राजवटीने जुनी भीती चेतवली. एप्रिल १९७० मध्ये कंबोडियात राहणाऱ्या व्हिएतनामी लोकांची कत्तल झाली. हात बांधलेली प्रेतं मेकाँगमधून वाहत गेली. दोनेक लाख लोक घरदार टाकून व्हिएतनामला पळाले. लक्षात घ्या, हे करणारं सरकार कम्युनिस्टविरोधी होतं आणि त्याला अमेरिकेचा पाठिंबा होता. बा चुकचा द्वेष कम्युनिझममधून आलेला नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा नाही.

मग सगळेच आत आले. ३० एप्रिल १९७० ला निक्सन यांनी कंबोडियात फौज पाठवल्याचं जाहीर केलं. उत्तर व्हिएतनामचं सैन्यही देशात खोलवर पसरलं, आणि पहिली दोन वर्षं लोन नोलच्या सैन्याशी मुख्य लढाई त्यानेच केली. ख्मेर रूजला शस्त्रं दिली, शिकवलं, वाढवलं ते व्हिएतनामी कम्युनिस्टांनी. पुढे व्हिएतनामने पोल पॉटला हटवलं म्हणून या गोष्टीवर पांघरूण घालता येत नाही.

बॉम्बहल्ल्यांचा कळस १९७३ मध्ये झाला. एकच प्रसंग जवळून बघू. नेक लुओंग हे मेकाँगच्या काठावरचं, नावेच्या उताराचं गाव. ते लोन नोलच्या, म्हणजे अमेरिकेच्या मित्राच्या, ताब्यात होतं. विमानांना दिशा कळावी म्हणून गावाच्या मधोमध एक रेडिओ यंत्र बसवलं होतं. त्याचा संकेत पकडायचा, तिथून ठरावीक अंतर आणि दिशा मोजायची आणि मग बॉम्ब सोडायचे, अशी रीत. त्यासाठी विमानात एक बटण फिरवावं लागे. ऑगस्टमधल्या एका पहाटे ते बटण फिरवायचं राहिलं. विमान थेट यंत्राच्या रोखाने आलं आणि सगळे बॉम्ब गावाच्या मुख्य रस्त्यावर पडले. १३७ माणसं गेली, त्याच्या जवळपास दुप्पट जखमी झाली. संबंधित अधिकाऱ्याला ७०० डॉलर दंड झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत, १५ ऑगस्टला, अमेरिकन संसदेच्या आदेशाने हल्ले थांबले. तोवर कंबोडियावर सुमारे पाच लाख टन बॉम्ब पडले होते.

या बॉम्बांनीच पोल पॉट जन्माला घातला, असं काही जण म्हणतात. मला ते पूर्ण पटत नाही. पोल पॉटचे विचार त्याचे स्वतःचे होते. पण ज्याचं घर आणि बैल एका रात्रीत गेले, त्या पोराला ‘शहरातले लोक तुझे वैरी’ हे पटवायला ख्मेर रूजला फार कष्ट पडले नाहीत, हेही तितकंच खरं.

तीन वर्षं, आठ महिने, वीस दिवस

कंबोडियन माणूस ख्मेर रूजचा काळ असाच मोजतो, दिवसांसकट. १७ एप्रिल १९७५ ला काळ्या कपड्यांतले कोवळे सैनिक नॉम पेन्हमध्ये आले. लोकांनी आधी टाळ्या वाजवल्या, युद्ध संपलं म्हणून. त्याच दिवशी हुकूम सुटला, की अमेरिका बॉम्ब टाकणार आहे, दोन-तीन दिवसांसाठी शहर सोडा. निर्वासितांनी फुगलेलं वीसेक लाखांचं शहर रिकामं केलं गेलं. दवाखान्यांतले रुग्ण खाटांसकट रस्त्यावर ढकलले गेले. परत यायला कोणाला परवानगी मिळाली नाही.

पैसा रद्द झाला, मध्यवर्ती बँकेची इमारत सुरुंगाने उडवली गेली. शाळा, बाजार, देवळं, टपाल सगळं बंद. सगळ्यांनी भात पिकवायचा आणि ‘आंग्कार’ म्हणजे ‘संघटना’ सांगेल तसं जगायचं. उपासमार, आजार, अतिश्रम आणि कत्तल यांत चार-पाच माणसांमागे एक माणूस गेला. नॉम पेन्हमधल्या तुओल स्लेंग शाळेच्या वर्गांचा तुरुंग झाला. तिथे किमान १४ हजार कैदी आणले गेले. आल्याबरोबर प्रत्येकाचा फोटो काढत, मग छळ करून कबुलीजबाब लिहून घेत, आणि मग मारत. बहुतेक कबुलीजबाबांत एक आरोप हमखास असे: व्हिएतनामचा हेर.

इथे धागा पुन्हा जुळतो. पोल पॉटच्या मनात ठाम होतं, की व्हिएतनाम तिन्ही देशांचं एक ‘इंडोचायना संघराज्य’ करून कंबोडिया गिळणार. मे १९७५ मध्येच, सत्तेवर येऊन महिनाही झाला नव्हता तेव्हा, त्याच्या सैन्याने व्हिएतनामच्या फू क्वोक आणि थो चू बेटांवर हल्ला केला. थो चूवरून सुमारे ५०० माणसं उचलून नेली. १९७७ पासून जमिनीवरून हल्ले सुरू झाले. डिसेंबर १९७७ च्या अखेरीस संबंध तोडले गेले. १९७८ मध्ये पूर्वेकडच्या प्रांतांतले स्वतःचेच लोक ‘शरीर ख्मेर, डोकं व्हिएतनामी’ असं म्हणून मारले. तिथून जीव वाचवून जे ख्मेर रूज अधिकारी व्हिएतनामला पळाले, त्यांत हेंग सामरिन होता. हुन सेन तर आदल्या वर्षीच पळाला होता. ही दोन्ही नावं पुढे येणार आहेत.

शत्रूचा शत्रू

आता बाहेरच्यांचा हिशेब. सोव्हिएत संघ आणि चीन यांचं १९६० च्या दशकातच फाटलं होतं. १९६९ मध्ये सीमेवर गोळ्याही चालल्या. १९७२ मध्ये निक्सन बीजिंगला जाऊन माओंना भेटले, आणि तेव्हापासून मॉस्कोविरुद्ध चीन आणि अमेरिका एका बाजूला सरकत गेले.

युद्धानंतरच्या व्हिएतनामला बीजिंगची दादागिरी नको होती. तो मॉस्कोकडे झुकला. मग चीनने पोल पॉटला सल्लागार, शस्त्रं आणि पैसा पुरवला, कारण तो व्हिएतनामच्या उरावर बसलेला होता. १९७८ मध्ये व्हिएतनामने आपल्या चिनी वंशाच्या व्यापाऱ्यांवर वरवंटा फिरवला आणि लाखो लोक देश सोडून निघाले, किती तरी होड्यांतून. त्यातले हजारो समुद्रातच गेले. चीनने मदत बंद केली. ३ नोव्हेंबर १९७८ ला व्हिएतनामने सोव्हिएत संघाशी मैत्रीचा करार केला. पाठ सुरक्षित झाली, आणि २५ डिसेंबरला दीड लाखाच्या आसपास सैन्य कंबोडियात शिरलं.

७ जानेवारी १९७९ ला नॉम पेन्ह पडलं. सैन्याबरोबर आलेले दोन व्हिएतनामी छायाचित्रकार दुर्गंधीच्या मागाने गेले आणि तुओल स्लेंगच्या फाटकाशी पोचले. आत खाटांना साखळदंडाने बांधलेली, नुकतीच मारलेली माणसं होती.

आता तारखा बघा. १ जानेवारी १९७९ ला अमेरिका आणि चीन यांच्यात पूर्ण राजनैतिक संबंध सुरू झाले. सहाच दिवसांनी व्हिएतनामने चीनच्या मित्राला पळवून लावलं. महिन्याअखेर चीनचे नेते देंग श्यावफिंग अमेरिकेत गेले आणि ‘व्हिएतनामला धडा शिकवू’ असं सांगून आले. १७ फेब्रुवारीला चिनी सैन्य व्हिएतनामच्या उत्तर सीमेवरून आत घुसलं. आपले परराष्ट्रमंत्री अटलबिहारी वाजपेयी तेव्हा चीनच्याच दौऱ्यावर होते. १९६२ नंतरची ती पहिलीच एवढी मोठी भेट. ती अर्ध्यावर टाकून ते परतले. महिन्याभराने चिनी सैन्य माघारी गेलं, जाताना गावं आणि पूल उद्ध्वस्त करत.

मग न्यूयॉर्क. सप्टेंबर १९७९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने कंबोडियाची खुर्ची पोल पॉटच्या सरकारकडेच ठेवली. ७१ मतं बाजूने, ३५ विरुद्ध, ३४ तटस्थ. वरवरचं कारण तत्त्वाचं होतं: शेजाऱ्याने रणगाडे पाठवून बसवलेलं सरकार मान्य केलं, तर उद्या कोणताच लहान देश सुरक्षित राहणार नाही. थायलंड, सिंगापूर यांची ही भीती खरी होती, हे मान्य करायला हवं. व्हिएतनाम काही नरसंहार थांबवण्यासाठी आत गेला नव्हता. तो आपली सीमा सुरक्षित करायला गेला, मर्जीतल्या हेंग सामरिनचं सरकार बसवलं आणि दहा वर्षं तिथेच राहिला.

पण तत्त्वासाठी खुर्ची रिकामी ठेवता आली असती. खुनी माणसाला त्यावर बसवायची गरज नव्हती. तसं झालं, कारण चीन आणि अमेरिकेला व्हिएतनामला, आणि त्याच्याआडून मॉस्कोला, रक्तबंबाळ करायचं होतं, आणि कंबोडियात लढायला तयार असलेली फौज ख्मेर रूजचीच होती. थायलंडच्या सीमेवर तिला आसरा मिळाला, चीनची शस्त्रं मिळाली, निर्वासितांसाठी आलेल्या अन्नावर तिचं पोट भरलं. १९८२ मध्ये नाव बरं दिसावं म्हणून सिहानूक आणि कम्युनिस्टविरोधी नेते सोन सान्न यांना सोबत घेऊन एक आघाडी उभी केली गेली. खुर्चीवरचा माणूस मात्र ख्मेर रूजचाच राहिला.

भारताने जुलै १९८० मध्ये, इंदिरा गांधी परत सत्तेवर आल्यावर, हेंग सामरिन सरकारला मान्यता दिली. त्यात मॉस्कोशी असलेल्या मैत्रीचा वाटा होता, हे उघड आहे. तरी तो निर्णय मला योग्य वाटतो. १९८६ पासून भारताच्या पुरातत्त्व खात्याची माणसं अंकोर वाटच्या दगडांवर काम करत होती. सोव्हिएत गट सोडला तर बाकीचं बहुतेक जग तेव्हा तिथल्या सरकारला मानत नव्हतं.

या हट्टाची किंमत शेतकऱ्याने मोजली. नव्या सरकारने थायलंडच्या सीमेवर हजारो गावकऱ्यांना वेठीला धरून जंगल तोडायला, खंदक खणायला, सुरुंग पेरायला लावलं. मलेरियाने आणि सुरुंगांनी किती तरी मेले. समोरचे लोकही सुरुंग पेरतच होते. १९७९ पासून कंबोडियात सुरुंगांनी आणि न फुटलेल्या बॉम्बांनी सुमारे २० हजार माणसं मारली आहेत. नांगर चालवताना, सरपण गोळा करताना, खेळताना.

उरलेलं

सोव्हिएत मदत आटली, व्हिएतनामला स्वतःची अर्थव्यवस्था सावरायची होती, आणि सप्टेंबर १९८९ मध्ये त्याचं सैन्य परत गेलं. ऑक्टोबर १९९१ मध्ये पॅरिसला करार झाला. संयुक्त राष्ट्रांनी २० हजारांवर माणसं पाठवून, त्यांत भारतीय जवानही होते, मे १९९३ मध्ये निवडणूक घेतली. ख्मेर रूजच्या धमक्या असूनही जवळपास ९० टक्के मतदान झालं. सिहानूकच्या मुलाचा पक्ष जिंकला, हरलेल्या हुन सेनने खुर्ची सोडली नाही. शेवटी देशाला दोन पंतप्रधान मिळाले, आणि १९९७ मध्ये हुन सेनने दुसऱ्याला बंदुकीच्या जोरावर घालवलं. पोल पॉट एप्रिल १९९८ मध्ये थायलंडच्या सीमेजवळ अंथरुणात मेला. कोणत्याही आंतरराष्ट्रीय न्यायालयासमोर तो उभा राहिला नाही. त्याचे साथीदार नुओन चिया आणि खिऊ सांफान यांना २०१८ मध्ये नरसंहाराबद्दल दोषी ठरवलं गेलं. त्या निकालात व्हिएतनामी वंशाच्या लोकांच्या नरसंहाराचा स्पष्ट उल्लेख आहे. बा चुकला चाळीस वर्षं झाली होती.

७ जानेवारीला कंबोडियात सरकारी सुट्टी असते. सत्ताधारी त्याला मुक्तिदिन म्हणतात, अनेक विरोधक त्याच दिवशी परक्यांचा कब्जा सुरू झाला, असं म्हणतात. २००९ मध्ये विरोधी नेते साम रेन्सी यांनी सीमेवरच्या शेतातल्या हद्दीच्या खुंट्या उपटल्या, आणि त्यांना शिक्षा झाली. फ्रेंच पेन्सिलीची रेघ अजून पुसलेली नाही.

आणि कंबोडियातल्या तोन्ले साप सरोवरावर तरंगत्या घरांमध्ये राहणारी व्हिएतनामी कुटुंबं आहेत. त्यांच्या आजोबांचा जन्म तिथलाच. १९७० मध्ये लोन नोलच्या माणसांनी त्यांना हाकललं, उरलेल्यांना १९७५ मध्ये ख्मेर रूजने. १९७९ नंतर ते आपल्या पाण्यावर परत आले, पण मधल्या काळात कागदपत्रं नष्ट झाली होती. म्हणून कायद्याच्या लेखी ते परदेशी. नागरिकत्व नाही, जमीन घेता येत नाही, मुलांना जन्मदाखला मिळवणं अवघड. जून २०२१ मध्ये नॉम पेन्हच्या प्रशासनाने नदीतली तरंगती घरं काढायला आठवड्याभराची मुदत दिली. काही कुटुंबांनी घरांना दोर बांधले, होडीने ओढत ती व्हिएतनामच्या दिशेने नेली, आणि सीमेशी त्यांना थांबवण्यात आलं. पलीकडच्या देशाचे कागदही त्यांच्याकडे नव्हते.